ध्येय शोधायचं कुठं?

प्रश्न : जामखेडमध्ये माझं किराणा दुकान बरं चाललंय, पण आयुष्याचं ध्येय सापडत नाही. काय करू?

उत्तर : ध्येय एकांतात बसून सापडतं, हे मला पटत नाही. तुमच्याच गावात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले ते आरोग्यसेवा द्यायला. पण दुष्काळात लोकांना आधी हवं होतं पाणी आणि अन्न. पुढं परिचारिका नेमण्याचा प्रयोग खेड्यांत रुजेना, तेव्हा गावच्याच, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी बाळंतपण करायला आणि जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकवलं. ढोबळ हेतू आधी होता. नेमकं काम गरजेनं घडवलं. ‘ते डॉक्टर, मी दुकानदार,’ असं म्हणाल. खरंय, गल्ला सांभाळावाच लागतो. पण उधारीची वही उघडा : कोण, कशापायी, कोणत्या महिन्यात अडतं, ते तिथं लिहिलेलंच आहे. त्यातली एकच अडचण वर्षभर धरून ठेवा.