सुपरचार्जर खरंच किती हवा ढकलतो?

"गाडीला सुपरचार्जर आहे, ८ पीएसआय बूस्ट मिळतो!" हे वाक्य गाडीवेड्या पोरांच्या गप्पांत हमखास येतं. पण हवा किती गेली, हे कोणी विचारत नाही. पीएसआय म्हणजे दाब, हवा नव्हे. पेट्रोल जळतं ते हवेच्या वजनाच्या प्रमाणात. तेव्हा घ्या कागद-पेन, हिशोबच करून टाकू.

उदाहरण खरंखुरं घेऊ. ईटन कंपनीचा एम९० हा रूट्स प्रकारचा सुपरचार्जर जनरल मोटर्सच्या ३.८ लिटर व्ही-६ इंजिनावर बसवला जात असे. नावातले ९० म्हणजे ९० घनइंच, एका फेरीत सरकणारी हवा. आपल्या मापात १.४७५ लिटर. यातले दोन रोटर हवा कप्प्यात धरून बॉडीच्या कडेकडेने पलीकडे नेऊन सोडतात. आतल्या आत ती दाबत नाहीत. दाब तयार होतो पुढे, मॅनिफोल्डमध्ये, कारण आलेली सगळी हवा इंजिनाला गिळता येत नाही.

पहिला हिशोब : कागदावरचा

फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत ३.८ लिटर घेतं, म्हणजे एका फेरीत १.९ लिटर. समजा, पुलीचा रेशो १.८ आहे. मग इंजिनाच्या एका फेरीमागे ब्लोअर १.४७५ × १.८ = २.६५५ लिटर सरकवतो. २.६५५ ÷ १.९ = १.४. वा! ४० टक्के जास्त हवा! बरेच जण इथेच पेन खाली ठेवतात.

दुसरा हिशोब : गळती धरून

रोटर आणि बॉडी यांच्यात बारीक फट असते, तिथून थोडी हवा मागे पळते. ब्लोअरची व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी ८५ टक्के धरू : २.६५५ × ०.८५ = २.२६ लिटर. इंजिनाची ९५ टक्के धरू : १.९ × ०.९५ = १.८१ लिटर. बाहेरची २.२६ लिटर हवा १.८१ लिटर जागेत कोंबायची, म्हणजे घनता १.२५ पट. खरा फायदा हाच, २५ टक्के. ५००० आरपीएमला ही हवा मिनिटाला सुमारे १३ किलो भरते. ब्लोअर नसता तर साडेदहा किलो.

मग गेज ८ पीएसआय का दाखवतो?

कारण हवा तापते. बाहेर ३०° से. आणि ब्लोअरची अॅडियाबॅटिक एफिशियन्सी ५५ टक्के धरली, तर तापमान सुमारे ७४ अंशांनी वाढून १०४° से. होतं. केल्विनमध्ये ३०३ वरून ३७७. दाबाचं गुणोत्तर = १.२५ × ३७७ ÷ ३०३ = १.५५. म्हणजे ०.५५ बार, झाले आपले ८ पीएसआय!

एकाच इंजिनाचे तीन आकडे बघा. कागदावर ४० टक्के, गेजवर ५५ टक्के आणि सिलिंडरमध्ये २५ टक्के. वर एवढी हवा तापवायला सुमारे १६ किलोवॉट लागतात, तेही क्रँकशाफ्टकडूनच, बेल्टमधून.

आता गंमत

ब्लोअरनंतर इंटरकूलर बसवला आणि हवा ६०° से. झाली (त्यातला प्रेशर ड्रॉप सोडून देऊ). फेऱ्या त्याच, म्हणून हवेचं वजन जवळपास तेच. दाब मात्र १.२५ × ३३३ ÷ ३०३ = १.३७ पट. गेज ८ वरून साडेपाचवर! ज्याला गेजच कळतं तो म्हणेल, "पॉवर गेली." खरं तर हवा तेवढीच, उलट गळती घटल्याने किंचित जास्तच. नॉकिंगची भीती कमी आणि ब्लोअर फिरवायची मेहनतही कमी. आणि जो नुसता काटा वर चढवण्यासाठी छोटी पुली लावत जाईल, तो हवेबरोबर उष्णताही वाढवत नेईल. शेवटी नॉकिंगने पिस्टन जातो, गेजला काही होत नाही.

मेसचंच बघा ना. दारातली रांग लांब म्हणजे जास्त ताटं वाढली गेली असं नसतं. आत वाढणारा हळू असला तरी रांग लांबतेच. बूस्ट म्हणजे ती रांग. ताटं मोजायची तर एअरफ्लो सेन्सर हवा, नाहीतर आपल्या आयसी इंजिन लॅबमधला एअर बॉक्स, ऑरिफिस आणि मॅनोमीटर. व्हायव्हापुरता पाठ करून विसरतो, तोच.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी बूस्ट सांगितला, की शांतपणे विचारा : "तापमान किती?" उत्तर आलं नाही, तर हवा किती गेली ते त्यालाही माहीत नाही!