रोमन चांदीची नाणी : नाणे वाचण्याचा एक पाठ

इतिहासाच्या तासाला राजांची नावे व सनावळ्या पाठ करून घेतल्या जातात. परंतु ती ज्या साधनांवरून कळली, त्यांची ओळख मुलांना क्वचितच होते. नाणे हे असेच एक साधन होय.

इ. स. १४ ते ३७ या काळात रोमवर तिबेरियस सम्राटाचे राज्य होते. त्याचे ‘डिनेरिअस’ हे चांदीचे नाणे सुमारे पावणेचार ग्रॅम वजनाचे असे. एका बाजूस पर्णमाला धारण केलेले सम्राटाचे मस्तक व तो देवपद पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र असल्याचा लेख. दुसऱ्या बाजूस राजदंड व डहाळी घेतलेली आसनस्थ स्त्री आणि सम्राटाचे मुख्य पुरोहितपद सांगणारी अक्षरे. ज्या प्रजेला सम्राटाचे दर्शन कधीही घडणार नव्हते, तिलाही त्याची सत्ता व वारसा नाण्यावरून कळे.

व्यापाराच्या ओघात ही नाणी भारतात आली. दक्षिणेत सापडलेल्या साठ्यांत ऑगस्टस व तिबेरियस यांची नाणी विपुल आहेत. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने डिनेरिअसचे वजन व कस उतरविला. त्यानंतरची चांदीची नाणी येथे फारशी आढळत नाहीत. येथील व्यापारी मुद्रेबरोबर कसही पारखीत असावेत.

सोलापूरच्या मुलांना हा विषय परका नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच प्राचीन तगर. तेथून भडोच बंदराकडे कापड जात असल्याचा उल्लेख पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात आहे. तेरच्या उत्खननात रोमन नाण्यांच्या नमुन्यावर घडविलेली मातीची पदकेही मिळाली आहेत.

वर्गातील उपक्रम : रुपयाच्या नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा काढवून घ्यावा व पुढील प्रश्न विचारावेत.
१. नाणे कोणी काढले, हे कशावरून कळते?
२. कोणती चित्रे आहेत? तीच का निवडली असावीत?
३. सन पुसला गेल्यास काळ कसा ठरवाल?

शेत नांगरताना जुनी नाणी मिळाल्यास ती घासू नयेत व सराफाकडे आटविण्यास देऊ नयेत, हे मुलांना व पालकांना समजावून सांगावे. नाणे आटले की चांदी तेवढी उरते, इतिहास नष्ट होतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. ती लिहिण्यास शिक्षकांनी गावकऱ्यांस साहाय्य करावे व सापडल्याची जागा अचूक नोंदवावी.