हातातून अंगारा काढणाऱ्या भाच्याला

चि. मंदार यास,


वहिनीचा फोन आला तेव्हा आधी सगळं कौतुकच होतं. गणपतीत सोसायटीच्या मांडवात तुझे पत्त्यांचे खेळ कसे रंगले, बी-विंगमधल्या मुलांनी तुला कसं उठू दिलं नाही, वगैरे. मग बोलता बोलता ती सहज म्हणाली की शेवटी तू रिकामी मूठ फिरवून अंगारा काढलास, शेजारच्या काकूंनी तो कपाळाला लावला आणि उरलेला कागदाच्या पुडीत बांधून घरी नेला. तू नुसता हसलास, बोलला काहीच नाहीस. त्या पुडीपाशी माझं मन अडकलंय. त्यांच्या अवीचं काय झालं ते तुला माहीत आहे. त्यानंतर काकू कुणाकुणाच्या दारात जाऊन बसल्या आणि त्यांना तिथून उठवून आणताना दादाची किती दमछाक झाली, हे तू घरातच पाहिलं आहेस. दुसऱ्या कुणी पुडी नेली असती तर मीही हसून सोडून दिलं असतं. काकूंनी नेली, आणि ती त्यांच्या हातात तुझ्यामुळे गेली. राग आला तो याचा.

जादू शिकू नकोस असं मी म्हणत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. उलट तू ती पुस्तकातून शिकतोस याचं मला अप्रूप आहे. मे महिन्यात तू इथे विसरून गेलेलं ह्यूगार्ड आणि ब्राऊ यांचं ते पत्त्यांचं पुस्तक मी चाळलं. पहिलं अख्खं प्रकरण पत्ते पिसण्यावर.  पुढच्या पानावर जायचं असेल तर आधी हे हातात मुरवा, असा त्याचा कडक कारभार. नाणी लपवण्याचंही तसंच. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्याने नाणं तळहातात दाबून धरायचं, बोटं मात्र सैल सोडायची, आणि तो हात दुसऱ्या रिकाम्या हातासारखाच दिसला पाहिजे. वाचायला दोन ओळी, करायला महिने. वाचून समजलेली आणि हाताला आलेली गोष्ट यांत केवढं अंतर असतं, हे ज्याला एवढ्या लवकर कळलं त्या मुलाला इतर पुष्कळ गोष्टी आपोआप कळतील, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. आमच्या वेळी मुलींच्या हातात पत्ते दिसले तरी भुवया उंचावायच्या. पुस्तक आणून हातचलाखी शिकायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नसता. ती हौस राहिलीच. तेव्हा हे मत्सराने लिहितेय असं वाटलं तर थोडंसं खरं आहे, पण मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की अंगाऱ्याची युक्ती तुला पत्त्यांच्या पुस्तकात सापडलेली नाही. ती तुला दादाच्या कपाटातल्या त्या पातळ पुस्तिकेत सापडली, चमत्कारांमागची कारणं सांगणाऱ्या. राख भाताच्या पेजेत कालवून गोळी वळायची, वाळवायची, अंगठ्याच्या बेचक्यात धरायची, आणि तळवा खाली वळवून बोटांनी चिरडायची. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गेली कित्येक वर्षं शाळांतून, चौकांतून हे करून दाखवतात आणि लगेच करायचं कसं तेही सांगतात. म्हणजे एखाद्या बाईने बुवाच्या मुठीतला अंगारा पुडीत बांधून नेऊ नये, म्हणून कुणीतरी ही कृती छापली. ती वाचून तू नेमकी तीच पुडी बांधायला लावलीस. पुस्तक चुकीच्या हाती पडलं असं मी म्हणणार नाही, पण त्यातली अर्धीच गोष्ट तू उचललीस.

आणि हे त्या एका पुस्तिकेपुरतं नाही. हातचलाखी शिकवणाऱ्या पुस्तकांच्या मुळाशीच ही गोष्ट आहे. इंग्रजीत असे खेळ सविस्तर उलगडून सांगणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी एक म्हणजे केंट परगण्यातल्या रेजिनाल्ड स्कॉटचं, १५८४ सालचं. ते जादूगारांसाठी लिहिलेलंच नव्हतं. चेटकिणी ठरवून गरीब म्हाताऱ्या बायकांना फासावर चढवत होते, त्याविरुद्ध ते लिहिलेलं होतं. लोक ज्याला सैतानाचं काम समजतात ते बोटांचं काम कसं असू शकतं, हे दाखवायला त्याने नाण्यांचे, पत्त्यांचे, चेंडूंचे खेळ सांगितले आणि शरीरात घुसल्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या सुऱ्यांची चित्रंही छापली. त्यात मला फार आवडलेली एक जागा आहे. या खेळांवर पोट भरणाऱ्या गरीब माणसांचं आपण गुपित फोडतोय, याचं त्याला वाईट वाटतं आणि तो तसं लिहितो. खेळ करमणुकीसाठी असेल, शेजाऱ्याचं त्यात नुकसान नसेल आणि देवाचं नाव त्यात ओढलेलं नसेल, तर त्यात काही गैर नाही, असाही निवाडा तो देतो. बघ, चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाने तुझ्या पत्त्यांना परवानगी दिली आहे आणि तुझा अंगारा मात्र नेमका वगळला आहे. शेजारी, देव, दोन्ही त्यात आले.

तू म्हणशील, मी कुठे म्हटलं की ही माझी सिद्धी आहे? मी तर काहीच बोललो नाही. तुझी हीच सबब मला सगळ्यांत कमकुवत वाटते. जादूगार बोलत नाही तेव्हा प्रेक्षक स्वतःचं बोलणं त्यात भरतो. जादूगार पी. सी. सरकारांनी एप्रिल १९५६ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात टेबलावर निजलेल्या मुलीवर करवत चालवली. मुलीला उठवायला गेले तर ती उठेना. निवेदकाने तिथेच कार्यक्रम आटोपता घेतला. मुलगी बेशुद्ध नव्हती, जखमी नव्हती. पण घरोघरच्या लोकांनी मुलगी मेली असं धरून बीबीसीला फोनवर फोन केले. आपण जादूचा खेळ बघतो आहोत हे त्यांना माहीत होतं, तरी शेवटचा एक शब्द राहिला आणि त्या रिकाम्या जागेत मरण येऊन बसलं. काकूंसमोर तू ठेवलेल्या रिकाम्या जागेत काय येऊन बसलं असेल, हे तुला मी सांगायला नको.

त्याहून मोठा दाखला तुझ्या लाडक्या फ्रेंच जादूगाराचा, रॉबेर-उदँचा आहे. मूळचा घड्याळजी, घड्याळांचं पुस्तक मागितलं तर दुकानदाराने चुकून जादूचं बांधून दिलं आणि त्यातून तो या वाटेला लागला, असं तो स्वतःच आठवणींत सांगतो. ही गोष्ट तू मला दोनदा ऐकवली आहेस. पण त्याच आठवणींतलं अल्जीरियाचं प्रकरण तू वाचलंस का? त्याची एक पेटी होती. आत लोखंड, खाली विद्युतचुंबक. प्रवाह सुरू केला की पेटी जागची हलायची नाही. पॅरिसच्या रंगमंचावर तो म्हणायचा, बघा, ही पेटी चोराला उचलता येत नाही. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठवलं, तिथल्या मराबूंचा म्हणजे धर्मपुरुषांचा लोकांवरचा पगडा कमी करायला. तिथे त्याने तीच पेटी ठेवली आणि धिप्पाड माणसाला बोलावून सांगितलं, मी तुझी ताकद काढून घेतो. तो माणूस पेटीशी झटला, विजेचा झटका बसला आणि घाबरून पळाला. चुंबक तोच, पेटी तीच, बोटंही तीच. बदललं ते फक्त बोलणं, आणि एका ठिकाणी करमणूक झाली तर दुसऱ्या ठिकाणी राज्यकर्त्यांची दहशत. नंतर दुभाष्यांकरवी हे सगळं कौशल्य होतं असं लोकांना समजावून सांगितलं, असंही तो लिहितो. म्हणजे सांगावं लागतं, हे त्यालाही कळत होतं. तुझ्या खेळात दुभाष्या कोण होता?

आता तुझा खरा आक्षेप येईल, आणि तो मला सोपा वाटत नाही. काकूंना त्या अंगाऱ्याने दोन दिवस बरं वाटलं असेल, तर तेवढं तरी कशाला हिरावून घ्यायचं? यावर जादूगार हूडिनीने स्वतःच्या अनुभवाने दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटतं. उमेदवारीच्या दिवसांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पैशाची चणचण असताना तो आणि त्याची बायको गावोगाव मृतात्म्यांशी बोलण्याचे प्रयोग करत. गावच्या दफनभूमीत थडग्यांवरची नावं वाचून यायची, गावगप्पा ऐकायच्या आणि रात्री मेलेल्यांचा निरोप म्हणून तेच ऐकवायचं. लोक रडायचे, समाधान पावायचे. पुढे १९२४ च्या पुस्तकात त्याने याबद्दल खेद लिहून ठेवला, आणि आयुष्याची शेवटची वर्षं असेच प्रयोग करणाऱ्या माध्यमांचं पितळ उघडं पाडण्यात घालवली. कारण असं समाधान एकदा देऊन संपत नाही. ते परत मागायला येतं. काकू येतीलच. पुढच्या वेळी त्या अंगारा मागणार नाहीत, अवीबद्दल विचारतील. तेव्हा तू काय सांगणार आहेस? सतरा वर्षांच्या मुलाकडे त्या प्रश्नाचं उत्तर नसतं, पन्नाशीच्या बाईकडेही नसतं.

गुपित सांगितलं की गंमत जाते, हे मात्र मला मान्य आहे, आणि पत्त्यांची गुपितं तू कुणाला सांगावीस असं मी मुळीच म्हणत नाही. युक्ती कशी ती सांगणं वेगळं आणि ही युक्ती आहे एवढं सांगणं वेगळं. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे प्रयोग बघायला माणसं थिएटरात तिकीट काढून जायची. पडदा उघडण्याआधीच सगळ्यांना माहीत असायचं की आपण फसायला आलो आहोत, आणि त्यामुळे कुणाचा आनंद उणावला नाही. सांगूनही काही जण ऐकत नाहीत, हेही खरं. हूडिनी कंठशोष करून सांगत होता की माझ्याजवळ शक्ती-बिक्ती काही नाही, आणि शेरलॉक होम्सचा जन्मदाता कॉनन डॉयल, एकेकाळचा त्याचा मित्र, हूडिनी मेल्यावरही १९३० मध्ये पुस्तकात लिहीत होता की होतीच. त्यात हूडिनीचा दोष काही नव्हता. त्याने सांगितलं होतं.

मग आत्या, तू रोज पूजा करतेस ते कसं, असं विचारशील. विचार, हक्क आहे तुझा. देवापुढे मी दिवा लावते तो माझ्या समाधानासाठी, आणि त्याला कुणी पुरावा मागितला तर माझ्याकडे नाही. पुरावा नसलेल्या श्रद्धेशी माझं भांडण नाही, बनवलेल्या पुराव्याशी आहे. २०१३ च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यातही पूजाअर्चेला बंदी नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं आणि लोकांना फसवणं मात्र गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. घाबरू नकोस, तू कुणाचा एक रुपया घेतला नाहीस आणि मांडवातल्या खेळासाठी तुला कुणी धरत नाही. कायद्याची भीती घालायची असती तर पहिल्याच ओळीत घातली असती. पण हा कायदा यावा म्हणून डॉ. दाभोलकरांनी किती वर्षं घालवली आणि त्यांचं काय झालं हे या घरात कुणी विसरलेलं नाही. ती पुस्तिका दादाच्या कपाटात कोणत्या कप्प्यात ठेवलेली असते, तेही तुला माहीत आहे.

फार बोलले. तू वाईट वागलास असं माझ्या मनात नाही. टाळ्या पडत असताना, समोरची बाई डोळे मिटून कपाळ पुढे करत असताना, थांबा काकू म्हणणं मोठ्या माणसांनाही जमत नाही. पण आता करायचं काय, तेवढं सांगते. सगळ्यांसमोर नको, त्यांना लाजवायचं नाही. दुपारी त्यांच्याकडे जा, वाटीत राख आणि थोडी पेज घेऊन. त्यांच्यासमोर गोळी वळ, एक त्यांनाही वळायला दे. वाळलेली एक बरोबर ने आणि ती त्यांच्या हातून चिरडून घे. त्या रागावतील कदाचित, रडतीलही. रडल्या तर बस तिथेच, घाईने उठू नकोस. पुडीचं काय करायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे, मागू नकोस. अवीच्या गोष्टी निघाल्या तर ऐकून घे. तो तुझ्याशी क्रिकेट खेळायचा, त्या आठवणी तुझ्याकडे आहेत आणि त्या खऱ्या आहेत. जायला एकट्याला धीर होत नसेल तर तसं कळव, मी शनिवारच्या गाडीने येते आणि आपण दोघं जाऊ. वहिनीला यातलं काही सांगू नकोस, ती उगाच स्वतःला बोल लावत बसेल.

आणि पिसण्याचा सराव सोडू नकोस. मनगट दुखतं म्हणालास, तर थोडे दिवस कमी कर. तुझं पुस्तक मी सांभाळून ठेवलंय, पानं दुमडलेली होती ती सरळ केली आहेत. दिवाळीत येशील तेव्हा पत्ते घेऊन ये आणि मला चांगली फसव. कसं केलंस ते मी विचारलं तरी सांगू नकोस.

तुझी,
आत्या