दुसरी डिस्क जोडताना

अगं, डिस्क दिसत नाही म्हणून लगेच ती पिशवीत घालून निघू नकोस. कोपरहून धीम्या गाडीने दादर, तिथून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोड. एवढं जाऊन दुकानात ती मुकाट चालू झाली तर? आधी मशीन बंद कर, प्लग काढ आणि आतल्या दोन्ही केबली काढून पुन्हा दाबून बसव. डेटाची अरुंद, विजेची रुंद. मग बायोसमध्ये डिस्कचं नाव येतं का ते बघ. तिथेच नसेल तर लिनक्सकडे वळण्यात अर्थ नाही.

तिथे असेल तर लिनक्सलाही ती बहुधा दिसलेली असते. फक्त विंडोजसारखं डी, ई असं अक्षर देऊन तो ती पुढ्यात ठेवत नाही. आपण एक फोल्डर दाखवायचा आणि डिस्क तिथे बसवायची. त्यालाच माउंट करणं म्हणतात.

टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ दे. एसडीए, एसडीबी अशी यादी येईल. इथे घाई करू नकोस. माझ्या मशीनमध्ये एकदा तीन डिस्क होत्या. मशीन पुन्हा सुरू केलं आणि कालची एसडीबी आज एसडीसी झाली. मी न बघता एसडीबीवर ‘एमकेएफएस’ चालवलं. आईच्या वह्यांचे स्कॅन त्या डिस्कवर होते. तेव्हापासून फॉरमॅट करण्याआधी आकार, मॉडेल आणि सीरियल नंबर डिस्कवरच्या लेबलाशी ताडून बघते. तूही बघ. आणि डिस्कवर आधीचा डेटा असेल तर फॉरमॅट करायचंच नाही, नुसती माउंट करायची.

नवी कोरी असेल तर ‘एफडिस्क’ने जीपीटी तक्ता कर. जुन्या एमबीआरमध्ये साधारण 2 टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. पार्टिशन पाडून त्यावर ईएक्सटी4 घाल.

आता कायमची नोंद ‘ईटीसी’मधल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये. तिथे एसडीबी लिहू नकोस, ‘बीएलकेआयडी’ने मिळणारा यूयूआयडी लिही. आपल्या स्टेशनावर कसं, प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदलला तरी गाडीचा नंबर तोच राहतो, तसा हा नंबर. सोबत ‘नोफेल’ लिही, नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क जोडलेली नसली तर मशीन सुरू होतानाच अडकून बसेल. नोंद केल्यावर मशीन बंद-चालू करण्याआधी ‘माउंट -ए’ दे. चूक असेल तर बहुधा तिथेच कळते.

आणखी एक, हे फारसं कुणी सांगत नाही. डिस्क माउंट झाली नसेल तरी तो फोल्डर तिथे असतोच. त्यात टाकलेल्या फाइली मग पहिल्या डिस्कवर जाऊन बसतात, आणि नंतर दुसरी माउंट झाली की त्या दिसेनाशा होतात. गेलेल्या नसतात, झाकल्या जातात. म्हणून मोठी कॉपी सुरू करण्याआधी ‘डीएफ -एच’ बघून घ्यायचं. नव्या डिस्कवर लिहू देत नसेल तर फोल्डरची मालकी रूटकडे असते, ‘सीएचओन’ने ती तुझ्या नावावर कर.

आईच्या काही वह्या तेव्हा रद्दीत गेलेल्या होत्या. उरल्या त्या मी पुन्हा स्कॅन केल्यात. डिस्क बसली की पेनड्राइव्ह घेऊन ये, तुझ्याकडेही एक प्रत असू दे.