लोकस्मृती आणि लेखी नोंद : ‘वीजळी’तील पूर्वजाचा शोध

उद्दिष्ट : या उपघटकाच्या अभ्यासानंतर मौखिक परंपरेतील नाव, तिथी व संख्या यांचा लेखी नोंदींशी मेळ कसा घालावा, हे तुम्हाला सांगता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, अशी कल्पना करा की, मुंबईत स्थायिक झालेल्या एका कच्छी कुटुंबात हरवलेल्या पूर्वजाविषयी एकच वाक्य उरले आहे : ‘ते पंचेचाळीसच्या लाभपंचमीला वीजळीत गेले.’ मराठी माध्यमात शिकलेल्या नातवंडांनी त्याचा अर्थ ‘१९४५ साली वीज पडून वारले’ असा लावला, तर शोध तेथेच थांबेल. म्हणून हे वाक्य आपण शब्दशः तपासू.

१. नाव

‘वीजळी’ ही आगबोट होती. तिचे अधिकृत नाव ‘वैतरणा’; मालकी मुंबईच्या शेफर्ड कंपनीची. बोटीवर विजेचे दिवे असल्यामुळे लोकांनी तिला ‘वीजळी’ म्हटले. गुजराती लोकगीतात ती ‘हाजी कासमची वीजळी’ झाली. झवेरचंद मेघाणी यांनी ते गीत संकलित केले. सरकारी दप्तरात मात्र ‘वैतरणा’ हेच नाव शोधावे लागते.

२. तिथी

‘पंचेचाळीस’ म्हणजे विक्रम संवत १९४५. गुजरातेत हे वर्ष सामान्यतः कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. त्यामुळे कार्तिकातील लाभपंचमीसाठी ५७ वजा करावे लागतात. ५६ वजा केल्यास वर्षाची चूक होते. येथे येणारी तारीख ८ नोव्हेंबर १८८८ आहे.

३. घटना आणि संख्या

मांडवीहून निघालेली बोट द्वारकेवरून मुंबईकडे येत होती. हवामानामुळे ती पोरबंदरला थांबली नाही. पुढे मांगरोळच्या परिसरात, वादळात ती बेपत्ता झाली. प्रेते मिळाली नाहीत. नंतरच्या चौकशीत बोटीवरील जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे दिसून आले. लोकपरंपरा तेराशे माणसे बुडाल्याचे सांगते. नोंदींवरून ही संख्या सुमारे ७४० येते. पहिला आकडा शोकाची व्याप्ती सांगतो, दुसरा गणती. अभ्यासकाने दोन्ही नोंदवावेत. मात्र एकाच्या जागी दुसरा वापरू नये.

४. शोधाची दिशा

आता मुंबई इलाख्याचे दप्तर, त्या महिन्यातील वृत्तपत्रे आणि वहीवंचा बारोटांच्या वंशावळी पाहता येतील. तरीही पूर्वजाचे नाव कोठेच न सापडणे शक्य आहे. अशा वेळी घरातले वाक्य हाच त्यांच्याविषयीचा एकमेव पुरावा ठरतो. म्हणून ते ऐकले तसेच, सांगणाऱ्याच्या बोलीत, लिहून घ्यावे. ‘वीजळीत’ या रूपाची जर कोणी ‘वीज पडून’ अशी सुधारणा केली, तर पूर्वज दुसऱ्यांदा हरवतो.

स्वाध्याय

तुमच्या घरातील परागंदा किंवा बेपत्ता पूर्वजाविषयीचे एखादे वाक्य वडीलधाऱ्यांकडून ऐकून जसेच्या तसे लिहा. त्यातील नाव, काळ व स्थळ दर्शवणारे शब्द वेगळे करून प्रत्येकाचे संभाव्य अर्थ नोंदवा.