खर्च करण्याआधी नंबर वाचा

एमएच १४ च्या गाडीला चौकडीचा नंबर हवा असेल तर आरटीओत रीतसर हजारो रुपये मोजावे लागतात. नोटेचं तसं नाही. ७७७७७७ नंबरची दहाची नोट सुट्यांत आली तर ती दहालाच पडते. फक्त ती पुढे सरकवण्याआधी आपल्या लक्षात यायला हवी.

साहित्य: चाळिशी (लागत असेल तर), दहा-वीसच्या पंधरावीस सुट्या नोटा, न दुमडणारं एखादं पाकीट, पॉलिप्रॉपिलीनचे पाऊच आणि एक दोनशे पानी वही.

कृती: आधी नोट वाचायला शिका. नंबर दोन ठिकाणी असतो, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. सुरुवातीला तीन आकडे-अक्षरांचा गट, मग खरा नंबर. नव्या नोटांवर हे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, त्यामुळे घाईत शेवटचे दोनच नजरेत भरतात आणि तिथेच माणूस फसतो. सुरुवातीचे बारके आकडे आधी वाचायची सवय लावा. नोट उलटी केली की मागे खालच्या कडेला छपाईचं वर्ष सापडेल. नंबराच्या मागे कधी एखादं फिकट अक्षर असतं, तेही वहीत टिपा.

आता काय शोधायचं ते. एका अक्षरगटात १ पासून १० लाखांपर्यंत नंबर पडतात. त्यांत सहाही आकडे सारखे अशा नोटा अवघ्या नऊ. शेवटच्या, १०००००० नंबरच्या नोटेवर सात आकडे बसवावे लागतात, म्हणून तिच्यासाठी संग्राहक जीव टाकतात. या दोन्हींच्या मागे लागून नवखा माणूस महिन्याभरात कंटाळतो. त्यापेक्षा उलटसुलट सारखा नंबर धरा, ४५७७५४ सारखा. तो साधारण हजारात एक मिळतो. कुठेही ७८६ असलेली नोट अडीचशेत एक. आणि दिवस-महिना-वर्ष अशी खरी तारीख होणारी नोट सत्तावीसांत एक, म्हणजे आठवड्याला एखादी तरी हमखास. ०१०५६० म्हणजे महाराष्ट्राचा स्थापना दिवस. १११०८२ म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका झाली तो दिवस; ही अजून मला मिळालेली नाही.

स्टार नोटेचं प्रकरण वेगळं. छापताना एखादी नोट खराब निघाली की तिच्या जागी घालायची नोट वेगळी छापतात आणि अक्षरं व आकडे यांच्यामध्ये चांदणी टाकतात. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत ही पद्धत २००६ मध्ये आली, पाचशेच्या नोटेवर चांदणी २०१६ च्या अखेरीस दिसली. ती खोटी आहे अशी आवई अधूनमधून उठते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये पुन्हा खुलासा केला तरी काही दुकानदार अजून ती परत करतात. करू द्या, आपण घ्यावी.

नोटा आणायच्या कुठून? इथे खरी अडचण आहे. पगार खात्यात जमा होतो आणि चहाचे दहा रुपयेही लोक स्कॅन करून देतात. रोकड जिथे अजून खेळते तिथे उभं राहायला हवं: चाकणच्या कांदा-बटाटा बाजारातल्या आडत्यांच्या पेढ्या, भोसरी एमआयडीसीतल्या गेटांबाहेरच्या टपऱ्या, पेट्रोल पंप, पीएमपीचा कंडक्टर. टपरीवाल्याकडे सकाळी नऊच्या गर्दीत जाऊ नका. दुपारची पाळी सुटली की तो गल्ला मोजायला बसतो, चहाचे डाग पडलेल्या नोटा अंगठा ओला करून दहा-दहाच्या थप्पीत लावतो. तेव्हा शंभराची नोट पुढे करून "दादा, दहाच्या द्या ना" म्हटलं की तोही खूश, कारण त्याची थप्पी हलकी होते. माझं नोटांचं बरंच वाचन चाकणच्या तळेगाव चौकातल्या वाहतूक कोंडीत झालं आहे. त्या चौकाचा दुसरा काही उपयोग मला आजवर कळलेला नाही. गंमत म्हणजे त्या चौकातून पुणे-नाशिक रस्त्याने सरळ पुढे गेलं तर नाशिकरोडला नोटा छापणारा कारखाना लागतो. तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात.

बँकेतून कोरं पुडकं मिळालं तर शंभर नोटा एकेक चाळत बसू नका. पहिल्या नोटेचा तिसरा आणि चौथा आकडा बघा. ते सारखे असतील तर पुडक्यात एक उलटसुलट नंबर नक्की आहे. ४५७७०१ पासून सुरू होणारं पुडकं असेल तर पहिले दोन आकडे उलटे करा: ४५ चे ५४. म्हणजे चौपन्नावी नोट काढा, ४५७७५४. आकडे वेगळे असतील तर त्या प्रकारासाठी पुडकं बाजूला ठेवा. स्टार नोटा घातलेल्या पुडक्यांत नंबर ओळीने नसतात, तिथे हा हिशोब चालत नाही. अशा पुडक्याच्या पट्टीवर तशी नोंद असते, ती वाचा.

सापडलेली नोट दुमडू नका, धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी तर नावालाही नको. जुन्या नोटेला डावीकडे टाचणीची भोकं दिसली तर घाबरू नका. २००१ पर्यंत बँका पुडकी स्टेपल करत. पाऊच स्वस्तातला पीव्हीसीचा नसावा, तो काही वर्षांनी चिकट होतो आणि नोटेचा रंग धरतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

विकत घ्यायची वेळ आली तर पुण्यातल्या 'कॉइनेक्स'सारख्या प्रदर्शनात नोट हातात घेऊन बघा. खोडून बदललेला आकडा अतिनील दिव्याखाली पटकन उघडा पडतो, कारण नंबराची शाई त्या उजेडात चमकते. ७८६ चे लाखो रुपये देतो म्हणणाऱ्या फोनला मात्र भाव देऊ नका. आधी 'कर' किंवा 'कमिशन' भरायला सांगतात, मग नंबर बंद. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून असं फसवणाऱ्यांबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता. नोटाबंदीतल्या जुन्या पाचशे-हजारांच्या नोटा जमवत असाल तर कायद्याने मर्यादा आहे: एरवी दहा, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीस.

शेवटी वहीत तारीख, जागा आणि नंबर लिहा आणि पाऊचवर ठळक अक्षरांत 'खर्च करू नये' अशी चिठ्ठी लावा. माझी पहिली स्टार नोट कपाटातच होती. सौभाग्यवतींनी ती दूधवाल्याला दिली.