आजीचं गोंदण पुसू नकोस

पोरी, ताईच्या लग्नाची कॅसेट दिवाणात सापडली आणि तू ती एआयनं एकदम फोरके करणार आहेस, असा तुझा निरोप मिळाला. आनंद झाला. लगोलग काळजीही वाटली, कारण तुझी घाई मला ठाऊक आहे. पापड वाळायच्या आधीच डब्यात भरणारी तू. १९९३ च्या मे महिन्यात यवतमाळात ते लग्न लागलं, वऱ्हाड मूर्तिजापूरहून ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीनं आलं, आणि शूटिंगवाल्याच्या मागं हॅलोजन धरून मी उभा होतो. पुढं बरीच वर्षं मीही लग्नांचं शूटिंग केलं. या कॅसेटींच्या बाबतीत होण्यासारख्या चुका माझ्या करून झाल्या आहेत, म्हणून तुझ्यासाठी लिहून ठेवतो. कागद लॅपटॉपशेजारी ठेव.

१. कॅसेट हातात आली की आधी तिच्या कडेची छोटी प्लास्टिकची टिकली मोडून टाक — ती शाबूत असेपर्यंत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी लग्न पुसलं जातं. आमच्या गल्लीत एका बारशावर क्रिकेटची मॅच चढली ती अशीच.

२. काचेतून रीळ बघ, आणि कडांना पांढरी भुकटी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नकोस — ती बुरशी असते, आणि एकीची बुरशी मशीनच्या हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. माझ्या तीन गेल्या.

३. कूलरच्या खोलीत किंवा टिनाखाली कॅसेट ठेवायची नाही, आणि ठेवायची ती पुस्तकासारखी उभी — एकीकडं ओल, दुसरीकडं आपला मे महिना. फितीला दोन्ही सोसत नाही.

४. चालू व्हीसीआर मिळाला की त्याच आठवड्यात काम उरकून घे — जपानच्या फुनाई कंपनीनंही जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आता आहेत त्या मशिनी झिजतच जाणार. माळ्यावरची कॅसेट आणि माहेरचा निरोप, उशिरा उघडला की अर्धाच हाती लागतो.

५. लावण्याआधी फीत एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं गुंडाळून घे — वर्षानुवर्षं पडून ती कुठं घट्ट, कुठं सैल झालेली असते.

६. टीव्हीसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करू नकोस, कॅप्चर कार्ड लाव — पडद्यावरची चमक आणि खोलीतला पंखा, दोन्ही चित्रात येतात, आणि एआय त्यांनाच ठळक करून देतं.

७. संगणकात घेताना आपल्या पाल पद्धतीप्रमाणं ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, असंच घे, आणि फाईल मोठी झाली म्हणून दाबून लहान करू नकोस — हा धडा मला फार महाग पडला. माझ्या स्वतःच्या लग्नाची मी व्हीसीडी करून घेतली आणि कॅसेट भंगारात दिली. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८. पिक्सेल जेमतेम पाव उरले. बाकीचं लग्न भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेलं, आणि ते कोणत्याही यंत्रानं परत येणार नाही. ‘आलम आरा’, १९३१ चा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज सापडत नाही. मग सुधारायचं तरी काय?

८. या पहिल्या फाईलच्या नावात ‘मूळ’ लिही, तिच्या तीन प्रती कर, एक इथं, एक तुझ्याकडं पुण्याला, एक दादाकडं — आणि काम करायचं ते चौथ्या प्रतीवर. ज्याच्या घरी मूळ, त्याच्या घरी कूळ.

९. कॅसेटही टाकू नकोस — उद्या याहून चांगलं मशीन कुणाकडं निघालं तर परत उतरवता येईल.

आता एआयकडं येऊ. एक गोष्ट आधी पक्की समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. जुन्या कॅसेटमध्ये मांडवात मागच्या रांगेत बसलेल्या बाईचा चेहरा वीस-पंचवीस पिक्सेलचा असतो. तेवढ्यात डोळ्याची पापणी नसते, दात नसतात. यंत्र धूळ झटकून खालचा चेहरा दाखवत नाही, कारण खाली काही नाहीच. त्यानं दुसरीकडं पुष्कळ स्वच्छ फोटो पाहिलेले असतात, त्यावरून ते अंदाजानं पापणी काढतं.

गेल्या वर्षी मी तुझ्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, दोन मिनिटांचा तुकडा एका मोफत साइटवर चढवला. चेहरा चकचकीत आला, घरात सगळे खूश. मावशीआजीनं चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, ‘हे कोण?’ आजीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके गेले होते. कपाळावरचं गोंदणही. यंत्राला ते डाग वाटले. चेहरे सुधारणारं जीएफपीजीएएन नावाचं एक प्रसिद्ध साधन आहे. ते फ्लिकरवरच्या ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकलेलं आहे. त्यात कोलाम, गोंड, बंजारा बायांच्या गोंदलेल्या हनुवट्या किती असतील, तूच सांग. मावशीआजीचा तो प्रश्न ऐकून मला फार वाईट वाटलं. आपल्या आईला आपणच अनोळखी करून टाकलं.

१०. म्हणून चेहरा सुधारायचं बटण बंद ठेव, आणि लावलंच तर जवळून घेतलेल्या मोठ्या चेहऱ्यालाच, अगदी हलकं — लांबचा चेहरा पुसट राहिला तरी तो आपल्या माणसाचा राहतो.

११. मंगलाष्टकांच्या तुकड्यावर ‘नॉइज’ घालवायचा काटा खाली ठेव — हवेतल्या अक्षता यंत्राला फितीवरचे पांढरे ठिपके वाटतात, आणि ते त्या पुसून टाकतं. अक्षतांवाचून लागलेलं लग्न मी पाहिलंय. नवरानवरी नुसतीच खाली मान घालून उभी.

१२. चित्र मोठं करण्याआधी ते डीइंटरलेस करून घे — कॅसेटमधली प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची विणलेली असते, म्हणून हलत्या हातांना कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. त्या तशाच ठेवून मोठं केलंस तर यंत्र दाते नक्षीसारखे कोरून देतं.

१३. मधल्या फ्रेम यंत्राकडून बनवून घेऊ नकोस — ती अर्धी चित्रं नीट सोडवली की सेकंदाला ५० खरी चित्रं तुला फितीतूनच मिळतात. बनवलेल्या फ्रेममध्ये लेझमीच्या साखळ्या वितळतात.

१४. चित्र चारास तीनच ठेव, फार तर १४४० बाय १०८०, आणि दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू दे — टीव्ही भरावा म्हणून ताणलंस तर ताई आणि भाऊजी दोघंही पाटावर बसल्यासारखे बुटके दिसतात.

१५. हॅलोजननं पांढरे फटक पडलेले चेहरे सोडून दे — तिथं फितीवर काही उमटलेलंच नाही.

१६. पूर्ण तीन तास लावून मोकळी होऊ नकोस. आधी दहा सेकंदांचा तुकडा करून बघ, आणि तो सगळ्यात अवघड जागेचा घे, वरातीतला किंवा पंगतीतला — सोप्या जागी सगळीच साधनं हुशार दिसतात.

१७. शकुंतलेचा तुकडा वेगळा काढ आणि त्याला सगळ्यात कमी हात लाव — तो आपल्या घरापुरता नाही, जिल्ह्याचा आहे.

यावर थोडं जास्त सांगतो. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, १९२३ पासून या नॅरोगेजवर धावत होतं, आणि १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल लावलं. म्हणजे ताईचं वऱ्हाड आलं ते त्याच्या शेवटच्या वर्षात. त्या चाळीस सेकंदांत इंजिनाचा धूर आहे, स्टेशनची पाटी आहे, फलाटावरचे लोक आहेत. धूर यंत्राला धूसरपणा वाटतो आणि ते तो विरळ करतं. पाटीवरची देवनागरी अक्षरं तर माझ्याकडं अशी निघाली की काना-मात्रा एकात एक गुंतले, वाचायला गेलं तर एकही शब्द नाही. रेल्वेचाच विषय आहे म्हणून सांगतो: ल्युमिएर बंधूंची स्टेशनात गाडी येतानाची १८९६ ची फिल्म २०२० मध्ये डेनिस शिर्याएव यानं एआयनं फोरके, ६० फ्रेमची करून दाखवली. जगभर पाहिली गेली, मीही तोंडात बोट घालून पाहिली. पण ते नवं चित्र आहे. मूळ फिल्म जपलेली आहे म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. आपल्या शकुंतलेचं तसं व्हायला हवं.

१८. यंत्राला कळत नाही ते माणसांना विचार — पीटर जॅक्सननं २०१८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या मूक फिल्म सुधारल्या, तेव्हा सैनिक काय बोलताहेत ते कळावं म्हणून ओठ वाचणारी माणसं बसवली होती.

१९. निघणारं चित्र एका सलग व्हिडिओत न घेता एकेक फ्रेमच्या फाईलमध्ये घे — सेकंदाला ५० चित्रांनी तीन तासांच्या ५,४०,००० फ्रेम होतात, आणि दोन लाखाव्या फ्रेमला लाइट गेली तर सलग व्हिडिओ पहिल्यापासून करावा लागतो.

२०. लॅपटॉप रात्री लाव, खाली दोन विटा देऊन, गादीवर नाही — दुपारी ४४ डिग्रीत माणूस बसतो, मशीन बसत नाही.

२१. आवाजाची सफाई अगदी थोडी कर, आणि मूळ आवाज वेगळा ठेव — मागची खरखर काढताना स्वयंपाकघरातून आलेली आजीची हाक जाते. तिचा आवाज आपल्याकडं तेवढाच आहे.

२२. लोकांच्या मोफत साइटवर घरच्या बायापोरांचे चेहरे चढवू नकोस, स्वतःच्या मशीनवर चालणारं साधन वापर — आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी ज्यांचं चित्र आहे त्यांना विचार. त्या मांडवातल्या दोन जोड्या आज एकत्र नाहीत.

२३. गेलेल्या माणसाला बोलवायची, हसवायची करामत करू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी — आबांनी जे म्हटलं नाही ते त्यांच्या तोंडी घालायचा हक्क आपल्याला नाही.

२४. कुणाच्या घरी फिल्मचं रीळ निघालं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर प्रोजेक्टरवर चढवू नका — फिल्म सडायला लागल्याची ती खूण आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे; पुढं काय करायचं ते तिथं विचारा.

२५. सुधारलेल्या प्रतीच्या सुरुवातीलाच पाच सेकंद लिही: ‘एआयनं सुधारलेली प्रत, मूळ अमुक ठिकाणी’ — तुझ्या मुलीला वीस वर्षांनी कुणी सांगायला नसेल.

२६. सगळ्यात आधी, म्हणजे एआयच्याही आधी, मावशीआजीला टीव्हीसमोर बसव आणि ती सांगेल ती नावं वहीत लिहून घे, मिनिट-सेकंदासकट — फ्रेम कितीही स्वच्छ केली तरी माणसाचं नाव तिच्यातून निघत नाही.

मावशीआजी यंदा ८४ वर्षांची झाली. परवा मी तिला पंगतीचा तुकडा लावून दिला, न सुधारलेला, रेघारेघांचा. तिनं एकोणीस माणसं ओळखली, त्यातली सात तर पाठीवरून. दिवाळीपर्यंत थांबू नकोस. या महिन्यात सुटी काढ, वही आण, कोऱ्या हार्ड डिस्क आण. व्हीसीआरचे हेड मी साफ करून ठेवलेत.